पाणी किती झालं, हे मशीनला कोण सांगतं

मशीन चालू केलं की त्यात पाणी भरायला लागायचं आणि मग थांबायचंच नाही. टब काठापर्यंत यायचा, कपडे वर तरंगायला लागायचे, मागच्या ड्रेनच्या पाइपातून मोरीत धार पडायची आणि तरी वरून पाणी चालूच. बराच वेळ असं झालं की मशीन पीं पीं करून काचेवर दोन अक्षरं दाखवायचं आणि गप्प बसायचं. कपडे पाण्यात, साबण मोरीत.

हे झालं 2024च्या श्रावणात, आणि नेमकं नको त्या वेळी. त्या वर्षी तिसरा श्रावणी सोमवार आणि राखीपौर्णिमा एकाच दिवशी, 19 ऑगस्टला आली होती. येवल्याची ताई राखीला आलेली. तिची मुलं मित्रांना घेऊन रविवारी रात्रीच त्र्यंबकला, ब्रह्मगिरीच्या फेरीला गेलेली. रात्रभर पावसात वीसेक किलोमीटर चालून सोमवारी सकाळी ही पलटण उंटवाडीत आमच्या दारात उतरली, तेव्हा एकेक जण गुडघ्याच्या वरपर्यंत चिखलाने माखलेला. मागच्या पडवीत जीन्सचा ढीग पडला. चिखलाची जीन्स हाताने धुणं काय असतं, ते ज्याने धुतली त्यालाच ठाऊक. ब्रशने घासून होते, पण पिळायला दोन माणसं लागतात, आणि पिळूनही श्रावणात ती वाळत नाही. मशीनचा खरा उपयोग धुण्याला नाही, पिळण्याला आहे, हे आमच्या हिचं मत त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी मान्य केलं.

मशीन दुरुस्त करणारा मुलगा बोलावल्यावर वेळेत आला, चप्पल बाहेर काढून आला, बोलायलाही नीट होता. त्याने मशीन चालू केलं, पाणी भरू दिलं, मागे वाकून ड्रेनचा पाइप पाहिला आणि म्हणाला, “काका, बोर्ड गेलाय.”

त्याचा हिशेब ऐकायला सरळ होता. पाणी आत घ्यायचं काम आणि बाहेर सोडायचं काम एका वेळी कधीच चालू नसतं. इथे दोन्ही एकदम चालू आहेत. याचा अर्थ हुकूम देणाऱ्या बोर्डाचंच डोकं फिरलंय.

ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, “अरे दादा, हे एकदम नाही झालं. आधी काही दिवस ते पाणी जास्त घेत होतं. धुवायला लागायचं, मग मध्येच थांबून पुन्हा पाणी घ्यायचं, पुन्हा धुवायला लागायचं.” त्याने मान डोलावली आणि आकडा सांगितला. बोर्डाचे साडेपाच हजार, बसवणावळ वेगळी. वर सल्लाही दिला, आठ वर्षं झाली आहेत, त्यापेक्षा एक्सचेंजमध्ये नवीन घ्या.

मी अंबडच्या एमआयडीसीत एका प्लेटिंगच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो, तिथूनच निवृत्त झालो. आमच्याकडेही लाइन बंद पडली की पहिला संशय पॅनलमधल्या बोर्डावर जायचा. तो महाग असतो, बंद डब्यात असतो, आणि आत काय चालतं ते कोणाला दिसत नाही, म्हणून आळ घ्यायला सोयीचा. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष निघायचा टाकीपाशी, जिथे वाफ आणि ॲसिड असतं, तिथल्या एखाद्या स्विचमध्ये किंवा सैल झालेल्या वायरीत. तेव्हा बोर्ड घ्यायच्या आधी मशीनला चार प्रश्न विचारायचे ठरवलं. मुलाला व्हिजिटचे पैसे दिले, तो गेला.

पाणी भरतच राहतं याला कारणं मोजकी असतात. एक, पाणी इतकं हळू येतंय की भरायला वेळच पुरत नाही. दोन, भरलेलं पाणी खालून गळतंय. तीन, पाणी भरलंय, पण ते भरलंय हे मशीनला कळत नाही.

पहिल्याचा निकाल लवकर लागला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मशीनच्या नळापेक्षा सहा-सात मीटर उंच. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब धरतात, म्हणजे आमच्याकडे अर्ध्या किलोच्या वर दाब होता, आणि घरगुती मशीनला तेवढा पुष्कळ. मशीनला पाइप जोडतात तिथे एक बारीक जाळी असते, तीही काढून पाहिली. पावसाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी गढूळ येतं, शुद्ध होऊन आलं तरी बारीक गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि तिथून जाळीत येऊन अडकतो. अर्धी जाळी चिकट मातीने भरलेली होती. जुन्या टूथब्रशने घासून बसवली. पाणी जोरात यायला लागलं, दोष तसाच राहिला. जाता जाता सांगतो, दर पावसाळ्यानंतर ही जाळी प्रत्येकाने धुवावी. नळ बंद करून पाइप काढायचा आणि पक्कडीने जाळी ओढायची, एवढंच काम आहे.

दुसऱ्या कारणाची परीक्षा बादलीने घेतली. वरून कपडे टाकायच्या या मशीनला पाणी उपसायचा पंप नव्हता. टबच्या खाली रबरी बूच असतं. स्प्रिंग त्याला दाबून धरते आणि पाणी सोडायची वेळ झाली की एक छोटी मोटर ते ओढून उघडते. हेअरपिन, नाडीचं टोक, शर्टाचं बटण असलं काही त्यात अडकलं तर बूच नीट बसत नाही आणि पाणी गुपचूप निसटतं. मी प्लग काढून ठेवला, बादल्यांनी टब अर्धा भरला, आतल्या भोकांची ओळ खूण म्हणून धरली आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन पाहिलं तर पाणी त्याच ओळीवर. बूच ठीक होतं.

मग भरताना मोरीत पाणी कसं पडतं? त्यासाठी मशीन पुन्हा लावलं आणि पाइपाच्या तोंडाशी स्टूल टाकून बसलो. टब पाव भरला, अर्धा भरला, पाइप कोरडा. टब काठाशी आला, आणि मगच धार सुरू झाली. बाहेरच्या टबाला वरच्या बाजूला एक वाट ठेवलेली असते आणि ती आतल्या आत ड्रेनच्या पाइपाला जोडलेली असते. पाणी प्रमाणाबाहेर चढलं तर ते जमिनीवर न सांडता मोरीत जावं, म्हणून केलेली ती सोय. बूच बंदच होतं. बोर्ड दोन उलटे हुकूम देत नव्हता, तो एकच देत होता: अजून भर. त्या मुलाने जे पाहिलं ते खरं होतं, फक्त धार कधी सुरू झाली ते पाहायला तो थांबला नव्हता.

राहिलं तिसरं. पाणी किती झालं हे मशीनला कसं कळतं, हे पुष्कळ लोकांना माहीत नसतं. टबमध्ये तरंगणारा बॉल नसतो, तारा बुडवलेल्या नसतात. मशीन पाण्याला शिवतच नाही. रिकामा पेला उपडा करून बादलीत सरळ खाली दाबला की आत हवा अडकते, आणि जितका खोल न्यावा तितकी ती दबते. तेच इथे. बाहेरच्या टबाच्या तळाशी एक छोटी कुपी असते. पाणी चढायला लागलं की कुपीत हवा अडकते. कुपीला जोडलेली बोटापेक्षा बारीक नळी वर, बटणांच्या पट्टीखाली बसवलेल्या सेन्सरपर्यंत जाते. टबमध्ये पाणी वाढलं की नळीतल्या हवेचा दाब वाढतो, आणि तो दाब हीच मशीनला मिळणारी पाण्याची बातमी. दाब असतो अगदी थोडा. एक फूट पाण्याला किलोचा तिसावा-पस्तिसावा भाग. तोंडाने हलकी फुंकर मारून माणूस तेवढा दाब सहज देतो. जुन्या मशीनमध्ये एवढ्या दाबाने पडदा फुगून स्विच टक् वाजायचा. आता पडद्याबरोबर एक गाभा तारेच्या वेटोळ्यात सरकतो, त्याने वेटोळ्याची वारंवारिता बदलते आणि बोर्ड ती मोजतो. प्लेटिंगच्या टाक्यांवर आम्ही याच तत्त्वाची लेव्हल वापरायचो. जिथे द्रव सगळं खाऊन टाकतो, तिथे हवेला पुढे करायचं.

हे डोक्यात आल्यावर हिचं बोलणं एकदम जागेवर बसलं. नळीला सुईएवढं भोक पडलं तर हवा हळूहळू निसटणार. टब भरेपर्यंत दाब कसाबसा पुरा होणार आणि मशीन धुवायला लागणार. धुता धुता हवा निसटली की बोर्डाला वाटणार पाणी कमी झालं, आणि तो पुन्हा पाणी मागणार. भोक मोठं झालं की दाब कधी पुरा होणारच नाही. दुरुस्तीवाल्याला ही स्वयंपाकघराच्या दारातून जे सांगत होती, त्यातच निदान होतं. कारखान्यात मी ऑपरेटरला पहिला प्रश्न विचारायचो, “बंद पडायच्या आधी काय वेगळं करत होतं?” जो रोज मशीनजवळ उभा असतो, त्याला ते माहीत असतं.

प्लग काढला, नळ बंद केला. बोर्डावर आणि मोटरच्या कपॅसिटरवर साठलेली वीज उतरायला वेळ दिला. मागचा पत्रा काढला तर त्याच्या आतल्या बाजूला वायरिंगचा नकाशा चिकटवलेला. काही मशीनमध्ये तो असतो, आणि मला तो बोर्डापेक्षा मोलाचा वाटला. कुठल्या रंगाची वायर कुठून कुठे जाते, सगळं त्यावर. पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हची कॉइल मल्टिमीटरने मोजली, चार हजार ओहमच्या आसपास. ठीक. मग वरची पट्टी सोडवली. सेन्सर सापडला, त्याच्यावरची नळी अलगद ओढून काढली.

पुढची परीक्षा प्लग लावूनच करावी लागते, म्हणून स्पष्ट सांगतो, ज्याला 230 व्होल्टशी काम करायची सवय नाही त्याने हे करू नये. शेजारच्या मुलाच्या माशांच्या टाकीची हातभर नळी मागून आणली होती. तिचं एक टोक सेन्सरवर चढवलं, दुसरं तोंडात धरलं, पायाखाली रबरी मॅट, हात मशीनपासून लांब. भाच्याने बटण दाबलं. पाणी भरायला लागलं. टबच्या तळाशी जेमतेम ओलावा आला असेल, तेवढ्यात मी हलकी फुंकर मारून धरून ठेवली. पाण्याचा व्हॉल्व्ह टक् करून बंद झाला आणि तळाची चकती घर्र घर्र फिरायला लागली. भाच्याने टाळ्या वाजवल्या. फुंकर सोडली, पुन्हा पाणी सुरू. पुन्हा फुंकली, पुन्हा बंद. बोर्ड शहाणा होता, सेन्सर शाबूत होता. त्यांच्यापर्यंत खबर पोचत नव्हती, एवढंच.

मशीन भिंतीपासून ओढून मागच्या बाजूने वाकलो. नळीला साबणाचं पाणी लावत वरून खाली आलो आणि भाच्याला वरच्या टोकातून फुंकायला सांगितलं. तळाशी, कुपीच्या वीतभर वर, फेसाचे बुडबुडे उठले. एक भोक बारीक आणि त्याच्या शेजारी दुसरं चांगलं मोठं, कडा कुरतडलेल्या. मशीन आडवं केल्यावर गुन्हेगाराचा पत्ताही लागला. तळाच्या पत्र्यावर लेंड्या होत्या आणि कांद्याच्या सालींचा मऊ बिछाना. नाशिकचा उंदीर, बिछान्याला दुसरं काय घेणार.

आमचं घर नासर्डीपासून लांब नाही. पावसात नदीला पाणी आलं की काठावरच्या बिळांतले उंदीर घरांकडे सरकतात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, ते झिजवायला त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. भूक असो नसो, रबर आणि वायरीचं प्लास्टिक त्याला चालतं. या जातीच्या मशीनचा तळ बहुतेक उघडा असतो, आत ऊब आणि अंधार. त्यासाठी जाळी किंवा पत्रा मिळतो, पण मशीन घेताना ते आठवणीने मागणारा गिऱ्हाईक विरळा.

तुटलेली नळी खिशात घालून शालिमारकडे गेलो, तिथून एम. जी. रोडला. स्पेअर पार्टच्या दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, “जुना पीस आणलाय का?” मी नळी काउंटरवर ठेवली. दुकानदाराने भोकं पाहिली, बोलला नाही, आत जाऊन तशीच नळी आणि दोन स्प्रिंगच्या क्लिपा घेऊन आला. “नव्वद रुपये काका. रिक्षालाच जास्त गेले असतील.” त्याच्या पायाशी एका खोक्यात काढून टाकलेले बोर्ड भरलेले होते. सगळे खराबच का, असं विचारलं. तो म्हणाला, “यातले चालू किती, ते तपासायला वेळ कोणाला आहे?”

नळी बसवायच्या आधी भाच्याला एक गोष्ट सांगावी लागली, कारण तो घाई करत होता. टबमध्ये थोडं पाणी राहिलेलं होतं. नळी काढलेली असताना कुपीतली हवा निघून जाते आणि तिथे पाणी चढून बसतं. तशीच नवी नळी लावली तर हवेच्या जागी पाणी अडकतं, दाब कमी दाखवतो आणि मशीन पुन्हा जास्त भरतं. माणूस म्हणतो, नळी बदलूनही फरक नाही, बोर्डच गेला असणार. म्हणून आधी टब पूर्ण रिकामा केला. कुपीच्या तोंडाशी साबणाचा आणि कपड्यांच्या धाग्यांचा राखाडी थर साचला होता, तोही काडीने काढून धुतला. मगच नळी चढवली. ती चढवतानाही बघावं लागतं. वाटेत कुठे खाली झोळ आला तर त्यात पाण्याचे थेंब साचून दाब चुकतो, म्हणून ती सतत चढतीच ठेवायची. पिळताना टब हलतो, म्हणून ताणून बांधायची नाही. आणि पट्ट्यापासून लांब ठेवायची.

उंदीर फक्त नळीवर थांबला असेल असं धरून चालणं बरोबर नव्हतं. प्रत्येक वायर बोटांनी चाचपली. मोटरकडे जाणाऱ्या एका वायरचं वरचं प्लास्टिक खरवडलं होतं, तांबं उघडं पडलं नव्हतं. तिथे नवीन आवरण चढवलं. जुन्या सहकाऱ्याकडून मेगर आणला, बोर्डाची जोडणी सोडवून मोटर आणि बॉडीच्या मधलं इन्सुलेशन मोजलं, ते उत्तम आलं. ओल्या फरशीवर उभं राहून ज्याला हात लावायचा, त्या यंत्राच्या बाबतीत हा खटाटोप मला जास्त वाटत नाही. अर्थिंग तपासलं. घराच्या मेन बोर्डात 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी आहे, तिचं टेस्टचं बटणही दाबून पाहिलं.

संध्याकाळी पहिला घाणा जीन्सचाच टाकला. पाणी ठरल्या उंचीला थांबलं. ताईची मुलं तोवर माझे लेंगे घालून येवल्याला परत गेली होती.

तो दुरुस्तीवाला मुलगा नंतर गल्लीतच भेटला, शेजारच्यांचा फ्रीज पाहायला आलेला. मी त्याला ती कुरतडलेली नळी दाखवली. तो खजील वगैरे झाला नाही, नळी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “काका, हे शोधायला दोन तास गेले असते. नव्वद रुपयांच्या नळीवर मला किती दिले असते तुम्ही?”

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारखान्यात पुण्याहून एक गृहस्थ यायचे. मोटरला कान लावून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचे आणि हातात पाना न धरता पैसे घेऊन जायचे. ते पैसे आम्हाला कधी जास्त वाटले नाहीत. घरात मात्र आपण फक्त पार्टचे पैसे मोजतो. तपासणीचे शे-दोनशे रुपये देतानाही “पाच मिनिटांचं तर काम” असं म्हणतो. मग जो तपासण्यात दोन तास घालवेल तो उपाशी राहणार आणि जो दारातून बोर्ड बदलेल तो जगणार. 2022च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं, आणि सुरुवातीच्या चार क्षेत्रांत घरगुती उपकरणं घेतली. चांगलं झालं. कंपन्यांनी स्पेअर द्यावेत, नकाशे द्यावेत, हे सगळं हवंच. पण नकाशा वाचायला बसणाऱ्याच्या वेळेची किंमत ठरत नाही तोवर त्या नकाशाला मागच्या पत्र्याच्या आत अंधारातच राहावं लागेल. मी त्या मुलाला म्हटलं, दोन तासांचे पाचशे मी दिले असते. तो हसला. “तुम्ही दिले असते काका. समोरच्या काकू नाही देणार.”

तळाला आता जाळी बसवली आहे. बाजारात मिळणारा प्लास्टिकचा पत्रा नको म्हटलं, तो उंदीर महिन्यात खाईल. घरात उरलेली लोखंडी बारीक जाळी मापाने कापली, कडा आत दुमडल्या आणि मशीनच्या पायांच्या स्क्रूंमध्ये अडकवली. पिळताना टब खाली दबतो, तो जाळीला टेकू नये एवढं अंतर ठेवलं. ड्रेनचा पाइप निघतो तिथली फट मात्र पुरती बुजत नव्हती. तिथे भांडी घासायची तारेची घासणी कोंबून बसवली. मोरीच्या तोंडाशीही जाळीचं झाकण टाकलं आहे. कांद्याची टोपली पडवीतून हलवायला हिने अजून होकार दिलेला नाही.